सारखे तीन राउटर

माईंच्या घरात कुठलीही वस्तू एकटी येत नसे. आली तर तीन नग घेऊन यायची, नाहीतर यायचीच नाही. तळमजल्यावर माई, मधल्या मजल्यावर थोरला मुलगा आणि त्याची बायको थोरली, सगळ्यात वर धाकटा आणि धाकटी. म्हणून पंखे तीन, कुकर तीन, कपडे वाळत घालायचे स्टँड तीन, आणि तिन्ही एका कंपनीचे, एका रंगाचे. थोरलीची इस्त्री बिघडली तेव्हा माईंनी बाकीच्या दोन धडधाकट इस्त्र्याही बदलून टाकल्या. "नंतर कुणी काही म्हणायला नको," असं त्यांचं म्हणणं. आता कोण काय म्हणणार होतं ते देवाला ठाऊक, कारण त्या घरात असं म्हणणारं तोंड माईंखेरीज दुसरं नव्हतंच.

ही खोड त्यांना नोकरीनं लावली. निवृत्त होईपर्यंत माई एका मोठ्या शाळेच्या भोजनगृहाच्या प्रमुख होत्या. मुख्याध्यापकांचा मुलगा असो की माळ्याचा, ताटात पडणार एकच डाव, तोही काठोकाठ. नवरा लवकर गेला, तेव्हा घरची तीन पोरंही त्यांनी त्याच मापानं वाढवली. द्यायचं ते सगळ्यांना सारखं आणि स्वतःसाठी मागायचं कुणाकडेच नाही, हे त्यांचं धोरण. त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. थोडा म्हणजे, चांगलाच होता.

तर असल्या घरात इंटरनेट आलं. लाइन आली गच्चीवरून, कारण बाहेरच्या खांबावरची तार तिथंच पोचत होती, आणि कंपनीचा माणूस त्याचा डबा वरच्या मजल्यावर ठोकून निघून गेला. वर नेट मजेत चालायचं. मधल्या मजल्यावर ते दमून पोचायचं आणि माईंपर्यंत येईस्तोवर त्याचा जीव जायचा. माई परगावच्या लेकीशी व्हिडिओवर बोलायला बसल्या की लेकीच्या तोंडाचे चौकोनी तुकडे दिसायचे आणि आवाज विहिरीतून यायचा. थोरलीची मालिका ऐन रडण्याच्या जागी अडकायची.

माईंनी उपाय काढला. दुकानात गेल्या आणि तीन राउटर घेऊन आल्या. सारखे.

बसवले थोरल्यानं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामात. दहा-दहा मजल्यांच्या वायरी रोज हाताळणारा, त्यामुळे वायर म्हटली की त्याला कुणाचा सल्ला लागत नाही. त्यानं जिन्याच्या कडेनं, एकही सुरकुती पडू न देता, वरून खालपर्यंत वायर आणली, जिथं खाच दिसली तिथं टोक खोचलं आणि हात झटकले. माईंनी सांगितलं, "तिघांचं नाव एकच ठेव. एका घरात तीन नावं कशाला?" म्हणून तिघांचं नाव 'आपलंघर', पासवर्डही तोच. तीन मजल्यांवर तीन हिरवे दिवे लागले आणि माई त्या दिवशी समाधानानं जेवल्या.

ते समाधान फार टिकलं नाही. नेट असायचं आणि नसायचं. दिवे हिरवेगार, फोनवर नेटच्या सगळ्या काड्या भरलेल्या, आणि आत मात्र नुसतं गोल गोल फिरतंय. सकाळी माईंचं चालायचं तेव्हा वरचं बंद. दुपारी वरचं चालायचं तर मधला टीव्ही मुका. आणि मग एकाएकी सगळं ठीक, जसं काही झालंच नव्हतं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. त्यानं आपल्या डब्याला यंत्र लावलं, लाइन एकदम झकास आहे म्हणाला आणि गेला. घरानं त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

आता, मालिका अडकली तर माणूस मरत नाही. पण धाकटीचं काम निराळं होतं.

धाकटी होती खुणांच्या भाषेची दुभाषी. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं दवाखान्यात, बँकेत, कचेरीत गेली की तिथल्या पडद्यावर ही दिसायची. समोरचा बोलायचा ते ही हातांनी सांगायची, आणि त्या माणसानं हातांनी सांगितलेलं ही तोंडानं बोलायची. सारं काम घरूनच, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, मागे निळा पडदा लावून. फोनवर आवाज तुटला तर माणूस अंदाजानं भरून काढतो. हात अर्ध्यात गोठले तर काय भरून काढणार? एकदा एक म्हातारे गृहस्थ डॉक्टरांना आपलं दुखणं सांगत होते. बोटं छातीकडे निघाली आणि तिथंच थिजली. दुखणं छातीत की पोटात, की अजिबात नाही, हे कळायला किती वेळ लागला कोण जाणे. म्हाताऱ्यांचं काही बिघडलं नाही, पण धाकटी खोलीबाहेर येऊन जिन्यातच बसली. तिच्या कचेरीनं नम्र शब्दांत कळवलं, की असं पुन्हा होणार असेल तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

तिनं आधी आर्जवं करून पाहिली. ताई, माझं काम चालू असेपर्यंत टीव्ही बंद ठेवाल का? थोरलीनं ठेवला, पण भांडी जरा जास्तच आपटली. "कानामागून आली अन् तिखट झाली," असं ती कुकरला उद्देशून म्हणाली. माईंनी ते ऐकलं. टीव्ही बंद ठेवूनही नेट गेलंच, तेव्हा धाकटीनं आर्जवं सोडून दिली.

आणि एका बुधवारी धाकट्यानं जेवताना सांगितलं, "माई, आम्ही एक जागा बघितलीय. लहानच आहे, पण नेट चांगलं आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत घरमालकांना कळवायचंय."

माईंचा घास हातातच राहिला. मग त्या म्हणाल्या, "बघा बुवा. तुमच्या सोयीनं करा."

धाकटीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्यानंतरचे दिवस माईंचे कसे गेले ते विचारू नका. सोयीनं करा म्हणायला जीभ वळते, पण जिन्यावर संध्याकाळी उतरणारी पावलं उद्या वाजणार नाहीत हे पोटाला समजवायचं कसं? धाकटी रोज काम संपल्यावर खाली यायची. बोलून बोलून आणि हात हलवून दमलेली असायची, म्हणून गप्पच बसायची, माईंच्या शेजारी, पाय वर घेऊन. दोघी काही न बोलता चहा प्यायच्या. दिवसातली तेवढी घटका माईंना सगळ्यात आवडायची, आणि हे त्यांनी कुणालाही, अगदी स्वतःलासुद्धा, कधी सांगितलेलं नव्हतं. आवडीनिवडी सांगितल्या की डावाचं माप चुकतं ना! राहा, असं म्हणावंसं त्यांना शंभरदा वाटलं. पण मागायचं नाही म्हणजे नाही.

रविवारी सकाळी लेक आली. ती एका इस्पितळातलं सगळं नेटवर्क सांभाळते. इस्पितळाच्या सगळ्या मजल्यांवर मिळून जेवढे राउटर असतील तेवढे माईंनी आयुष्यात बल्बसुद्धा बघितले नसतील. माहेरी आली की मात्र ती वायरीला हात लावत नाही, पाय पसरून झोपते. या खेपेला धाकट्यानं तिला दारातच गाठलं.

लेक जिन्यात बसली, मांडीवर लॅपटॉप. एकदा वर गेली, एकदा खाली आली. थोरल्यानं लावलेल्या वायरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दादा, वायर सुंदर टाकलीयस रे. अशी आमच्याकडे कुणी टाकत नाही." थोरला फुलला. "पण खोचलीयस भलत्या खाचेत. आणि सगळा घोटाळा त्यात नाहीच."

मग तिनं माईंच्या आणि मधल्या राउटरच्या वायरी उपटल्या. वर धाकटी ओरडली, "आलं! चालतंय!" लेकीनं पुन्हा वायरी लावल्या. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "गेलं."

"या सगळे," लेक म्हणाली, आणि सगळे जिन्यातच जमले, कुणी वरच्या पायरीवर, कुणी खालच्या. "फोन घरात आला की राउटरला म्हणतो, मला नंबर द्या. नंबर मिळाला की कामाला लागतो. हे नंबर वाटायचं काम एकानंच करायचं असतं. तुमच्याकडे तिघं वाटतायत, आणि एकमेकांना न विचारता. हा माईच्या फोनला पाचवा नंबर देतो, तो वहिनीच्या टीव्हीलाही पाचवाच देतो. बसा भांडत. त्यात तिघंही एकाच कारखान्यातले, त्यामुळे तिघांचा पत्तासुद्धा एकच. फोन विचारतो, घराबाहेर जायचं दार कुणाकडे? कधी वरचा हात वर करतो, कधी खालचा. आता खालच्याकडे कुठलं आलंय दार? लाइन तर गच्चीवरून येते. गेला फोन भिंतीवर आपटायला."

"तीन निराळे आणले असते तर?" थोरल्यानं विचारलं.

"तर पत्त्याचा गोंधळ कदाचित टळला असता. सारखे आणलेत, म्हणून घोटाळा डबल झाला."

सगळ्यांनी माईंकडे बघायचं टाळलं. माई मात्र वेगळ्याच विचारात पडल्या होत्या. भोजनगृहात नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. मुलांना बसायच्या जागेचे बिल्ले वाटायला त्यांनी तीन बायका उभ्या केल्या होत्या, कुणाचा मान कमी व्हायला नको म्हणून. एका पाटावर दोन-दोन पोरं आणि मारामारी. दुसऱ्या दिवसापासून दारात एकच बाई बिल्ले वाटू लागली आणि बाकीच्या नुसत्या वाढू लागल्या. ताटात कुणाच्या कमी पडलं नाही.

"अगं, हे तर मला ठाऊक होतं की," माई पुटपुटल्या.

"मग सोपं आहे," लेक म्हणाली. "एक मुख्य ठेवायचा. बाकीच्या दोघांचं नंबर वाटणं मी बंद करते. ते फक्त वरून आलेलं पुढे वाढतील. नेट सगळ्यांना सारखंच मिळेल. बोला, मुख्य कुठला?"

त्या घरात आजवर कुणी मुख्य झालंच नव्हतं. थोरल्यानं नखं न्याहाळली. धाकट्यानं भिंत न्याहाळली. माईंनी थोरलीचा चेहरा पाहिला. वरचा मुख्य म्हटलं तर कुकरला काय काय ऐकावं लागेल! त्यांनी घाईघाईनं तोडगा काढला.

"महिना महिना वाटून घ्या की. एक महिना वरचा मुख्य, एक महिना मधला. माझा नसला तरी चालेल."

लेकीनं कपाळावर हात मारला. "माई, राउटर आहे तो. त्याला मानपान नसतो."

"वरचाच करा," थोरली म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघतच राहिले. ती उठली, पदर खोचला आणि "चहा टाकते" म्हणून माईंच्या स्वयंपाकघरात गेली. माई मागोमाग गेल्या.

"मनापासून म्हणालीस?"

"म्हणजे काय!" थोरलीनं आधण ठेवलं आणि आवाज खाली आणला. "माई, तुम्ही पण ना, भोळ्या आहात. मुख्य वर ठेवला की सगळ्या घराचं नेट त्यांच्या हातात. मग ते जातील कसे? ते गेले की आपण तिघं ठार आंधळे. धाकटीचा स्वभाव मला ठाऊक आहे, ती आपल्याला असं टाकून जायची नाही."

"पण तू तर तिच्यावर..."

"कुरकुरते. कुरकुरायला घरात कुणी लागतं की नाही? ती गेली की मी कुणाच्या नावानं भांडी आपटायची?" असं म्हणून थोरलीनं साखरेचा डबा आपटला, आणि डोळे पुसले. वाफेनं पाणी आलं म्हणावं तर आधणाला अजून वाफ धरायची होती.

माईंना हसू आलं आणि रडूही. केवढी लबाड पोर, आणि केवढी माया! तिला जवळ घेऊन त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. असा नुसता एकीच्याच पाठीवर फिरवलेला त्यांचा तो पहिलाच हात असेल.

पण चहा उकळेपर्यंत त्यांना ती युक्ती टोचायला लागली. माणूस वायरीला बांधून ठेवायचा? राहिली तर का राहिली, नेटसाठी? मग ती संध्याकाळी खाली येऊन शेजारी बसेल ते मनापासून बसेल की अडकली म्हणून? माईंनी कप तसाच ठेवला आणि जिन्याकडे निघाल्या.

त्यांचे गुडघे गेली काही वर्षं संपावर होते. वरच्या मजल्यावर त्या शेवटच्या कधी गेल्या होत्या हे त्यांनाही आठवत नव्हतं. एक हात कठड्यावर, एक हात मांडीवर, "आई गं" करत करत त्या चढल्या. मधल्या मजल्यावर लेक राउटर उलटा करून बसली होती, तिनं नुसतीच मान वर केली. वरच्या मजल्याच्या गॅलरीत धाकटा उरलेल्या वायरीची गुंडाळी करत होता. तो त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. माई त्याच्याशी काही न बोलता आत गेल्या. बोलायला श्वासच नव्हता.

धाकटी निळ्या पडद्यापुढे बसली होती. पडद्यावर तिची एक मैत्रीण होती, नेट तपासायला बोलावलेली. दोघींचे हात भराभर चालले होते. मध्येच मैत्रीण कशालातरी मोठ्यानं हसली, आणि ते हसू एकदाही अडकलं नाही. माई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. आपल्या घरात इतके दिवस हे चाललंय आणि आपण एकदाही वर येऊन बघितलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

धाकटीनं मैत्रिणीचा निरोप घेतला आणि धावतच खुर्ची पुढे केली. "माई! तुम्ही वर? हाक मारायची, मी आले असते."

"थांब, बसले की आधी बोलू दे. नाहीतर धीर जाईल." माई बसल्या, दोनदा श्वास घेतला. "तो मुख्य राउटर इथं ठेवतायत. पण त्यासाठी तुम्ही राहू नका. तुम्ही गेलात तर लेक येऊन तो खालचा मुख्य करून देईल, लाइन खाली आणून देईल. तिला ते काहीच अवघड नाही. आमचं अडणार नाही."

धाकटीचा चेहरा पडला. "बरं," ती म्हणाली. "तसंच असेल. आमच्यावाचून कुणाचं अडणार नाही, हे मला माहितीय माई."

"माहितीय म्हणजे?"

दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं बोलणारी ती बाई, स्वतःचं बोलायला तिला वेळ लागला. "या घरात मला कधी काही कमी पडलं नाही. ताईंना जे ते मला, त्याच रंगाचं. पण मी या घरात आहे, की नुसता तिसरा वाटा आहे, हेच कळत नाही मला. जागा बघितली म्हटलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही एकदा तरी नको म्हणाल. तुम्ही म्हणालात, सोयीनं करा. म्हटलं चला. तीनातला एक वाटा कमी झाला, एवढंच."

हे माईंना फार लागलं. आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला तो डाव या पोरीच्या ताटात रिकामाच उतरत होता, आणि आपण काठोकाठ वाढलं म्हणून समाधानानं जेवत होतो! त्यांनी पुढे होऊन धाकटीचे दोन्ही हात धरले. दिवसभर बोलून दमणारे ते हात.

"अगं वेडे, राहा," त्या म्हणाल्या. "थोरली आहे म्हणून तू, असं नाही. सारखं व्हावं म्हणून नाही. संध्याकाळी तू येऊन बसतेस ना, त्यावर माझा दिवस उभा असतो. मला तू हवीस. जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही, पण मला नकोय तुम्ही गेलेलं. आता हे मागणं म्हण नाहीतर काहीही म्हण."

धाकटीला एकदम हुंदका फुटला. मग ती हसली, मग पुन्हा रडली, आणि मग माईंच्या खांद्यावर डोकं ठेवून दोन्ही गोष्टी एकदमच करू लागली.

"अहो!" जरा वेळानं तिनं गॅलरीकडे हाक मारली. नाक ओढत म्हणाली, "त्या घरमालकांना फोन करा. नको म्हणून सांगा."

धाकटा दारात आला. वायरीची गुंडाळी काखेत, फोन हातात, डोळे लाल.

"केला मघाशीच."

"मघाशी? मी तर आत्ता सांगतेय!"

"माई जिना चढत होती ना, तेव्हाच केला," तो म्हणाला. "काही द्यायचं असलं की ती आपल्यालाच खाली बोलावते. दोन जिने चढून स्वतः आली, म्हणजे जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागायला आली असणार. मग म्हटलं, ती वर पोचायच्या आत देऊन टाकावं."